कामावर जाताना काय घालायचं, कसं राहायचं? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पुरुषांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्याने नोकरीला लागलेली पोरं, इंटरव्ह्यूच्या तयारीत असलेली पोरं आणि कधी कधी त्यांचे वडीलसुद्धा हे प्रश्न विचारत असतात. प्रश्नांची भाषा शक्यतो त्यांचीच ठेवली आहे. माझं काम कंपनीत माणसं घेण्याचं, त्यामुळे उत्तरं टेबलाच्या पलीकडच्या बाजूने दिली आहेत. आम्ही किंमत बघत नाही. कपडा अंगाला बसतो का, स्वच्छ आहे का आणि त्या कामाला शोभतो का, एवढंच बघतो.

१. फॉर्मल म्हणजे नेमकं काय? जीन्स चालते काय?

फुल बाह्यांचा, कॉलरचा, इन केलेला शर्ट, साधी पँट, चामड्याचा पट्टा आणि बंद बूट. आपल्याकडच्या बँका, पतसंस्था, कॉलेजं, हॉस्पिटलची ऑफिसं यांना एवढं पुरतं. सेमी-फॉर्मल म्हणजे यातलंच थोडं सैल: चिनो पँट, कॉलरचा टी-शर्ट किंवा हाफ शर्ट. जीन्सचं उत्तर ऑफिसवर अवलंबून आहे. पहिला आठवडा जीन्स घालू नका, आपल्या वरच्या हुद्द्याची माणसं काय घालतात ते बघा आणि मग ठरवा. गुडघ्यावर फाटलेली किंवा पांढुरकी पडलेली जीन्स मात्र कुठल्याच ऑफिसात नको, शनिवारीसुद्धा नको.

२. पहिला पगार अजून व्हायचा आहे. कमीत कमी किती कपडे लागतात?

चार शर्ट, दोन पँटी, एक पट्टा, एक बुटांची जोडी, मोज्यांच्या पाच जोड्या. पांढरा, फिका निळा, बारीक रेघांचा आणि एक फिका राखाडी असे शर्ट घ्या. पँट एक गडद निळी, एक करडी. यातला कुठलाही शर्ट कुठल्याही पँटवर जातो, त्यामुळे सकाळी कपाटासमोर उभं राहायची वेळ येत नाही. बूट काळे घेतले तर पट्टाही काळाच. पैसे उरले तर पाचवा शर्ट घेऊ नका, बुटांची दुसरी जोडी घ्या. कारण प्रश्न ७ मध्ये आहे.

३. लग्नात आहेराचे शर्ट-पँट पीस भरपूर साठलेत. ते शिवून घेऊ की खडेबाजारात जाऊन रेडिमेड घेऊ?

आपल्याकडे बहुतेक घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात असा गठ्ठा असतोच. शिवून घ्या, पण निवडून. चमकणारं कापड आणि मोठी चौकट बाजूला काढा, ती पुढच्या लग्नात फिरवा. (फिरवताना आत ठेवलेली नावाची चिठ्ठी काढली का, तेवढं बघा.)

मग माप बघा. ५८ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) कापड असेल तर फुल शर्टाला साधारण १.६० मीटर आणि पँटला १.२० मीटर लागतं, आणि पीस बहुधा तेवढेच कापलेले असतात. उंच किंवा अंगाने भरलेल्या माणसाला ते अपुरं पडतं. ३६ इंची पन्हा असेल तर शर्टालाच सव्वादोन ते अडीच मीटर हवं. कमी कापडात शिवून घेतलं की टेलर शर्टाची लांबी मारतो आणि तो शर्ट दिवसभर पँटबाहेर येत राहतो. सुती कापड शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. नाहीतर पहिल्या धुण्यात कॉलर आवळते आणि बाह्या आखडतात. टेरीकॉटला (सुती-पॉलिस्टर मिश्र कापडाला) याची गरज नाही.

टेलरला दोन गोष्टी स्पष्ट सांगा. पँटच्या कमरेला आणि खालच्या दुमडीला आत जादा कापड ठेवायला सांगा, नोकरी बसून करायची असेल तर ते दोन वर्षांत उपयोगी पडतं. आणि मोरी (पँटच्या पायाचा खालचा घेर) किती इंच हवी तो आकडा द्या. ‘हल्लीच्या फॅशनची’ असं सांगितलंत तर टेलर त्याच्या मनातली फॅशन शिवेल.

घाई असेल तर रेडिमेड घ्या, पण खांदा बसतो तोच शर्ट. बाही, लांबी, कंबर नंतर बदलून मिळते. खांदा बदलायचा म्हणजे शर्ट अर्धा उसवावा लागतो, आणि त्या खर्चात दुसरा शर्ट येतो.

४. शर्ट-पँट बरोबर बसलीय हे कसं ओळखायचं?

आरशासमोर उभं राहा. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर संपली पाहिजे, दंडावर उतरायला नको. वरचं बटण लावून कॉलरमध्ये एक-दोन बोटं सहज जावीत. बाही मनगटाच्या हाडापर्यंत. छातीवर बटणांच्या मध्ये फटी पडत असतील तर शर्ट लहान आहे. आता दोन्ही हात वर करा, शर्ट पँटमधून बाहेर आला तर लांबी कमी आहे. पँटची मोरी बुटावर टेकून एक हलकी घडी पडावी, चुण्यांचा ढीग नको. खाली बसूनही बघा. उभ्याने छान दिसणारी पँट खुर्चीत बसल्यावर मोजे ओलांडून नडगी दाखवते, तेव्हा मोजे लांब घ्या.

५. इंटरव्ह्यू बेंगळुरूला आहे. रात्रीच्या रेल्वेने जाऊन सकाळी थेट ऑफिस गाठायचंय. कपड्यांचं काय करू?

इंटरव्ह्यूचे कपडे अंगावर घालून प्रवास करू नका, मग ती राणी चन्नम्मा एक्सप्रेस असो की पुण्याची रातराणी. शर्टाची बटणं लावा, पाठीवर टॉवेल ठेवा आणि दोन्हींची सैलसर गुंडाळी करा. कडक घडीपेक्षा गुंडाळीला सुरकुत्या कमी पडतात. पँट शिवणीवर शिवण ठेवून तशीच गुंडाळा. बूट घालूनच जा, बॅगेत जागा खातात. पॉलिश आदल्या संध्याकाळी करा आणि एक कोरडं फडकं सोबत ठेवा.

उतरल्यावर वेटिंग रूममध्ये दाढी, दात, तोंड, कपडे या क्रमाने उरका. शर्ट आधी घालून दाढी केली की कॉलरला फेस लागणारच. दुसरा शर्ट बरोबर असू द्या, चहा सांडायला तोच दिवस सापडतो.

व्हिडिओवर इंटरव्ह्यू असेल तर बारीक चौकट किंवा दाट रेघांचा शर्ट टाळा, कॅमेऱ्यात तो लहरतो. आणि खाली बर्मुडा नको. मध्येच उठून कागद आणायला सांगितलं तर काय करणार?

६. टाय आणि कोट लागतोच काय?

बेळगावातल्या बहुतेक नोकऱ्यांना नाही. औषध कंपनीचे प्रतिनिधी, मोठ्या हॉटेलची फ्रंट ऑफिसं, मॅनेजमेंट कॉलेजचं प्लेसमेंट, इथे टाय लागतो. तो बांधल्यावर टोक पट्ट्याच्या बकलापाशी यावं. कोटाचं सगळ्यात खालचं बटण उघडं ठेवतात, बसताना सगळीच उघडतात. लग्नातला चमकदार किनारीचा सूट इंटरव्ह्यूला घालू नका, समोरच्याला वरात आठवते. हाफ शर्टावर टाय शोभत नाही, हे माझं मत. काही कंपन्यांचा युनिफॉर्मच तसा असतो, तिथे इलाज नाही.

७. पावसाळ्यात कसं करायचं? खानापूरहून गाडीवरून येतो, ऑफिसात पोचेपर्यंत गुडघ्यापर्यंत चिखल.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. अथणी, रायबागकडच्या माणसाला तो फारसा पडत नाही. तिकडे पाऊस कमी, त्यांचं दुखणं एप्रिल-मेच्या उन्हाचं आहे. पण खानापूर, जांबोटी, कणकुंबी हा घाटमाथ्याचा पट्टा, तिथे आठवडा आठवडा उघडीप नसते.

बूट ऑफिसातच ठेवा आणि रबरी सँडल घालून या. टेबलाखाली किंवा लॉकरमध्ये एक बुटांची जोडी, दोन मोजे, एक छोटा टॉवेल आणि एक पँट कायम असू दे. रेनकोट वर-खाली वेगळा असलेलाच घ्या. लांब झग्यासारख्या रेनकोटातून पाणी मांडीवर येतंच. जॅकेट पँटच्या वर सोडा आणि पँटचे पाय सँडलवर. पावसाळ्यात सुती पँटीपेक्षा टेरीकॉट बरी, लवकर वाळते. रंग गडद. तांबड्या मातीचे शिंतोडे ओले असताना चोळू नका, आत मुरतात. वाळू द्या, ब्रशने झटका, मग धुवा.

चामड्याचे बूट भिजलेच तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बोळे बदला आणि पंख्याखाली ठेवा. चुलीजवळ, गॅसजवळ किंवा कडक उन्हात ठेवलेलं चामडं आखडतं आणि भेगाळतं. पुरतं वाळायला दोन दिवसही लागतात, म्हणून दुसरी जोडी. एरवीही एकच जोडी रोज घातली की आतला घाम वाळत नाही आणि वास धरतो.

न वाळलेले कपडे इस्त्रीने वाळवून घालायची सवय पुष्कळांना आहे. कपडा कोरडा होतो, कुबट वास तसाच राहतो, आणि अंगाच्या उबेने तासाभरात पुन्हा वर येतो. असा कपडा पुन्हा धुवायलाच हवा. कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवत असाल तर शर्ट आदल्या रात्री बाहेर लटकवा, नाहीतर मीटिंगमध्ये सगळ्यांना तोच वास.

हेल्मेटने केस चपटे होतात त्याला उपाय एकच, खिशात कंगवा आणि आत जाण्याआधी दोन मिनिटं आरसा. हेल्मेटच्या आत पातळ सुती रुमाल बांधला तर घामही टिपला जातो.

८. दाढी ठेवली तर चालतंय काय?

चालतं. राखलेली दाढी आणि वाढलेली दाढी यात फरक आहे, आणि तो गळ्यावर कळतो. कंठाच्या वर दोन बोटं सोडून खालचे केस साफ असले, गालावरची कड नीट असली, की दाढी राखलेली दिसते. ठेवायची तर दर आठवड्याला कापा. नाही ठेवायची तर रोज करा. तीन दिवसांचे खुंट इंटरव्ह्यूला नकोत. मिशीचे केस ओठावर आले नाहीत म्हणजे झालं. कारखान्यात तोंडावर मास्क लावावा लागत असेल तर प्रश्न ११ वाचा, तिथला नियम निराळा आहे. सुतकातल्या दाढीबद्दल प्रश्न १४.

९. केस, नखं, घाम यांचं काही खास आहे काय?

खास काही नाही. केस तीन-चार आठवड्यांनी कापा, तेल रात्री लावा, सकाळी धुवा. तेल लावून थेट आलात की कॉलरवर काळी पट्टी पडते. नखं दर रविवारी. करंगळीचं एकच नख वाढवायची हौस असेल तर ती सोडा. बनियन रोज धुतलेलं घाला, ते घाम शोषून शर्ट वाचवतं. अत्तर किंवा स्प्रे घाम आलेल्या अंगावर मारू नका, दोन्ही वास मिळून तिसरा तयार होतो. आंघोळीनंतर कोरड्या अंगावर थोडा पुरे.

१०. तंबाखू खातो. कामात काही अडतं काय?

निपाणीच्या पट्ट्यात तंबाखूवर घरं चालतात, म्हणून त्यावर प्रवचन देत नाही. पण इंटरव्ह्यूत गाल फुगलेला, ओठाच्या कोपऱ्यात चुना आणि बोटांच्या पेरांवर डाग दिसला, की पुढचं उत्तर कितीही चांगलं असो, लक्ष तिकडेच राहतं. गिऱ्हाइकासमोर बसायचं काम असेल तर कामाच्या वेळात नाहीच. दातांवरचे डाग ब्रशने जात नाहीत, दाताच्या डॉक्टरकडे साफ करून घ्या. बडीशेप खाऊन वास झाकला जातो ही समजूत खाणाऱ्याचीच, शेजारी बसणाऱ्याची नाही.

११. उद्यमबागेत ट्रेनी इंजिनिअर म्हणून लागलोय. निम्मा दिवस शॉपवर (कारखान्यात मशीनवर), निम्मा ऑफिसात. काय घालू?

इथे दिसण्याआधी जिवाचा विचार करायचा. उद्यमबाग, मच्छे, होनगा इकडे फाउंड्री आणि मशीन शॉप दोन्ही आहेत, आणि दोन्हींचे नियम वेगळे.

फाउंड्रीत ओतकामाजवळ जायचं असेल तर कपडा शंभर टक्के सुती हवा. टेरीकॉट, नायलॉन, पॉलिस्टर यांच्यावर ठिणगी पडली तर कापड वितळून कातडीला चिकटतं, आणि मूळ चटक्यापेक्षा ती जखम वाईट. प्रश्न ७ मध्ये टेरीकॉटची तारीफ केली, ती ऑफिसपुरतीच. पँटचे पाय बुटावर बाहेर सोडायचे, बुटात खोचायचे नाहीत आणि दुमडायचेही नाहीत. दुमडीत किंवा बुटाच्या तोंडात वितळलेल्या धातूचा थेंब अडकला तर बूट काढेपर्यंत पाय भाजतो. मोजेही सुतीच.

मशीन शॉपमध्ये धोका भाजण्याचा नाही, ओढलं जाण्याचा आहे. लेथच्या फिरत्या चकला (काम पकडून फिरवणाऱ्या भागाला) सैल बाही, शर्टाचं सुटलेलं टोक, मनगटातला गंडा, कडं, अंगठी काहीही पुरतं. गळ्यातल्या ओळखपत्राची रिबन तर आपण विसरूनच जातो आणि वाकून मशीनवरचा जॉब (घडवायचा तुकडा) बघायला जातो. शॉपवर पाय ठेवण्याआधी ती काढून खिशात ठेवा. फिरत्या मशीनवर हातमोजेही घालायचे नसतात, मोजा ओढला की बोट त्याच्याबरोबर जातं. चालू यंत्राच्या फिरत्या भागांजवळ तपासणी किंवा तेल-ग्रीस करणाऱ्याने अंगाबरोबर बसणारे कपडेच घालावेत आणि ते मालकाने पुरवावेत, हे १९४८ च्या कारखाना कायद्यातच लिहिलं गेलं होतं.

धुळीचा किंवा वाफांचा घट्ट बसणारा मास्क वापरत असाल तर दाढी काढावी लागते, कारण केसांमधून फट राहते आणि मास्क असून नसल्यासारखा. कारखान्याने असं सांगितलं तर वाद घालू नका.

ऑफिसात परतताना सेफ्टी शूज बदला. ऑइल लागलेला बूट साहेबांच्या केबिनमधल्या फरशीवर उमटतो. वर्कशॉपचा शर्ट वेगळा, ऑफिसचा वेगळा.

खाण्याच्या वस्तूंच्या कारखान्यात, म्हणजे डेअरी, बेकरी, कुंदा किंवा करदंट बनवण्याच्या जागी, केस झाकलेले, नखं कापलेली आणि अंगावर एकही दागिना नाही असं राहावं लागतं. तो अन्नसुरक्षेच्या नियमांचा भाग आहे.

१२. कपाळाला गंध, गळ्यात तुळशीची माळ, कानात भिकबाळी. ऑफिसात काही म्हणतील काय?

गंध आणि माळ यांबद्दल आपल्या भागात सहसा कोणी काही बोलत नाही. माळ शर्टाच्या आत असू द्या, गंध नाजूक लावा. भिकबाळी साध्या ऑफिसात चालून जाते, गणवेशाच्या नोकरीत आधी विचारून घ्या. सोन्याचा जाड गोफ, पाच अंगठ्या आणि छातीवरची दोन बटणं उघडी, हे मात्र कामावर नको. मशीनजवळ आणि खाण्याच्या पदार्थांजवळ यातलं काय काढायचं ते प्रश्न ११ मध्ये आलं आहे.

१३. अय्यप्पाची माळ घातलीय. काळे कपडे, अनवाणी, दाढी नाही करायची. कंपनी ऐकेल काय?

मधल्या नोव्हेंबरपासून हा प्रश्न हमखास येतो. व्रत ४१ दिवसांचं, त्यामुळे एखाद्या दिवसाची रजा टाकून भागत नाही. माळ घालण्याच्या आधी वरिष्ठांना आणि एचआरला लेखी कळवा, सुरुवातीची आणि शेवटची तारीख टाकून. आधी सांगितलेल्या गोष्टीला बहुतेक ठिकाणी होकार मिळतो. काळे कपडे म्हणजे साधा काळा शर्ट आणि काळी पँट असं करता येतं, लुंगी घरी आणि मंदिरात. ऑफिसच्या कामात अनवाणी पायांचं जमवून घेतात. शॉपवर नाही, तिथे बूट लागणारच, आणि तिथे माळ घातलेले स्वामी म्हणूनही सूट मागू नका. त्या काळात ऑफिसची जागा मागून घ्या किंवा कामापुरते बूट घाला. काय करायचं ते तुमच्या गुरुस्वामींना आधी विचारून ठेवा. कारखान्यात काम करणारे पुष्कळ भक्त असंच करतात.

१४. वडील गेले. मुंडण केलंय, तेराव्यानंतर कामावर जायचंय. टोपी घालून बसू काय?

गरज नाही. मुंडण बघून आपल्याकडे कोणालाही कारण विचारावं लागत नाही. संकोच वाटत असेल तर साधी टोपी घाला, कोणी काढायला सांगणार नाही. सुतकाच्या दिवसांतच कामावर यावं लागलं तर वाढलेल्या दाढीबद्दल वरिष्ठांना एक फोन पुरेसा. एकच व्यवहाराची गोष्ट: हजेरीचं मशीन चेहरा ओळखणारं असेल तर ते मुंडणानंतर कधी कधी ओळखत नाही. पहिल्या दिवशी थोडं लवकर या आणि फोटो पुन्हा नोंदवून घ्या, नाहीतर गैरहजेरी लागते आणि त्या मनःस्थितीत तो वाद नको होतो.

१५. सौंदत्तीला जाऊन आलो, पांढऱ्या शर्टावर भंडारा सांडलाय. साबण लावला तर लाल झाला! गेला काय शर्ट?

गेला नाही. हळदीला साबणाचा क्षार लागला की ती लाल होते, धुतल्यावर परत पिवळी. डाग पडल्यावर आधी कोरडाच झटका, पाणी लावू नका. मग थंड पाण्यात धुवा, साबण लावा, लाल रंगाला घाबरू नका, भरपूर पाण्यात खंगाळा आणि ओलाच शर्ट कडक उन्हात पसरा. हळदीचा रंग उन्हात उडतो. दोन-तीन वेळा केलं की डाग फिका होत जातो. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री करू नका. गणपतीतल्या गुलालाचं असं नाही, तो उन्हाने जात नाही. मिरवणुकीला ऑफिसचा शर्ट घालून जाऊच नका.

१६. वकिली सुरू केलीय. उन्हाळ्यातही काळा कोट घालायचा काय?

बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे उच्च आणि सर्वोच्च न्यायालय सोडून इतर कोर्टांत उन्हाळ्यात कोटाची सक्ती नाही. म्हणजे बेळगावच्या कोर्टात सूट आहे, धारवाडच्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे नाही. पांढरे बँड (गळ्याशी लावायच्या दोन पांढऱ्या पट्ट्या) जिल्हा आणि सत्र न्यायालयात लागतात. त्याखालच्या कोर्टांत त्याऐवजी काळा टाय चालतो. बँड किंवा गाऊन घालून बाजारात हिंडायचं नसतं, तोही नियमच आहे.

१७. १ नोव्हेंबरला ड्युटी आहे. कुठल्या रंगाचा शर्ट घालू?

सीमाभागातलाच प्रश्न आहे, म्हणून टाळत नाही. त्या दिवशी कर्नाटकात राज्योत्सवाची सुट्टी असते आणि इथली मराठी माणसं १९५६ पासूनचा काळा दिन पाळतात. सुट्टी असेल तर तुम्ही काय घालता हा तुमचा प्रश्न. ड्युटी असेल तर कंपनीचा युनिफॉर्म घाला. युनिफॉर्म नसेल तर रोजचा फिका निळा शर्ट. बाजूच्या टेबलावरचा सहकारी कन्नड असतो, दुसऱ्या दिवशीही त्याच्याबरोबरच काम करायचं असतं, आणि डबाही एकत्रच खायचा असतो.

१८. शनिवारी कुर्ता आणि कोल्हापुरी चालते काय?

ऑफिसला शनिवारचा सैल पोशाख मान्य असेल तर खुशाल. कुर्ता इस्त्रीचा, गुडघ्यापर्यंतचा, खाली सुती पँट किंवा पायजमा. कोल्हापुरी तर आपल्याच जिल्ह्यात, अथणी भागात होते. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकचेही चार आहेत आणि बेळगाव त्यातला एक. फार करकरणारी असेल तर शांत ऑफिसात सगळे मान वर करून बघतात. पावसात ती नको, कच्चं चामडं पाणी पिऊन फुगतं.

१९. शेजारी बसणाऱ्याच्या अंगाला वास येतो. सांगायचं कसं?

चारचौघांत नाही, ग्रुपवर चेष्टेत नाही, टेबलावर गुपचूप स्प्रे ठेवूनही नाही. चहाला एकट्याला बाहेर न्या आणि थेट सांगा: “राग मानू नकोस, शर्टाला वास येतोय, तुझ्या लक्षात आलं नसेल.” पुढे पाल्हाळ लावू नका, चहा घ्या, विषय बदला. वयाने मोठा माणूस असेल, ज्याला तुम्ही अण्णा किंवा काका म्हणता, तर त्याच्या वयाच्या कोणाकडून तरी सांगावं. पावसाळ्यात असेल तर कारण बहुधा न वाळलेला कपडा असतो, त्याला प्रश्न ७ मधला उपाय सांगा. नियमित धुऊनही वास जात नसेल तर त्यामागे आजार किंवा औषध असू शकतं. तेव्हा पुन्हा टोकू नका, एचआरकडे शांतपणे जा आणि गरज पडली तर स्वतःची बसायची जागा बदलून मागा.